सुपारी, अडकित्ता आणि ताकाची रवी

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात 'मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका' असं लिहून गेले. त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मीअधिक 'बाई, आमचा तर पिकलाच, आता बोला' अशा सुराची होती. म्हणून या वेळची सगळी जागा कडक मोतीबिंदूला दिली आहे. चष्म्याचा नंबर आणि रांजणवाडी यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल.

प्रश्न : माझ्या आईचं वय ७६. 'पिकू दे, मग काढू' असं म्हणत चार-पाच वर्षं गेली. आता उजव्या डोळ्याने तिला हातभर अंतरावरची बोटं कशीबशी मोजता येतात. एका डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू तपकिरी आणि फार कडक आहे, पण आमच्याकडे टॉर्शनल मशीन आहे, फेको होईल. दुसरे म्हणाले, फेकोच्या फंदात पडू नका, थोडा मोठा छेद घेऊन बिनटाक्याची करू. बुबुळाच्या पेशींची तपासणी केली, आकडा १८५० आला. आम्ही मशीन बघून ठरवायचं की डॉक्टर बघून? – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : आधी 'पिकण्या'चा हिशेब मिटवू. तुमच्या आजीच्या काळी तो सल्ला अगदीच खुळा नव्हता. तेव्हा मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंग बसवत नसत, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. त्यामुळे अगदी दिसेनासं झाल्याशिवाय कुणी हात लावत नसे. तो काळ गेला, सल्ला मात्र घराघरांत राहिला. आता पिकवत ठेवलं की पदरात पडतं ते एवढंच, की डोळ्यात सुपारी तयार होते.

सुपारी म्हणते ते उगाच नाही. आपल्या डोळ्यातलं भिंग आकाराने मसुराच्या डाळीसारखं, मापाने मोठ्या वाटाण्याएवढं. त्याचा मधला गर वयानुसार घट्ट होतो. रंग आधी पिवळसर, मग मधासारखा, मग कोऱ्या चहासारखा, आणि फारच थांबलात तर काळ्या गुळासारखा. हा गर डोळ्यातल्या डोळ्यात फोडून, त्याचा चुरा करून, अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून ओढून घ्यायचा, याला फेको म्हणतात. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी ही रीत १९६७ मध्ये माणसावर वापरली. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसले असताना दात साफ करायचं अल्ट्रासाऊंडचं हत्यार बघून त्यांना ती सुचली.

चुरा करते ती टायटॅनियमची पोकळ सुई. ती कशी हलते, यावर सगळा वाद आहे.

जुनी चाल पुढं-मागं, सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा. पाथरवट जात्याला टाकी लावतो ते डोळ्यांसमोर आणा. टाकी पुढं जाते तेव्हा दगड तुटतो, मागं येते ती फेरी फुकट. शिवाय प्रत्येक ठोक्याला तुकडा लांब ढकलला जातो आणि यंत्राचा पंप त्याला परत ओढतो. मऊ मोतीबिंदूत हे कळतही नाही. कडक तुकडा मात्र सुईच्या तोंडाशी तडतड नाचतो आणि नाचता नाचता वर जाऊन कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेच्या, आतल्या अस्तरावर आपटतो. तुमच्या आईच्या पेशी मोजल्या त्या याच अस्तरातल्या. त्या कॉर्नियातलं पाणी उपसून तो स्वच्छ ठेवतात. गेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही, शेजारच्या पसरून जागा भरतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये ५०० च्या खाली गेल्या की उपसा पुरत नाही आणि काच धुकट होते.

टॉर्शनल म्हणजे ताकाची रवी. दोरी एकदा इकडे, एकदा तिकडे, तशी ही सुई स्वतःभोवती डावी-उजवी फिरते, सेकंदाला सुमारे ३२,००० वेळा. सुई टोकाशी वाकडी असते, त्यामुळे दांडा जागच्या जागी जरासा वळतो आणि टोक आडवं झाडू मारल्यासारखं जातं. दोन्ही फेऱ्यांत कापलं जातं आणि तुकडा फारसा ढकलला जात नाही. जखमेतून जातो तो दांडा थोडाच हलत असल्यामुळे तिथं घासून तापणंही कमी. आल्कॉन कंपनीने 'ओझिल' नावाने हे २००६ च्या सुमारास आणलं. दुसऱ्या कंपनीची 'एलिप्स' चाल लंबगोल आहे, ती सरळ सुईनेही चालते.

म्हणजे रवी टाकीपेक्षा बरी? कडक मोतीबिंदूवर दोन्हींची तुलना झाली आहे. बहुतेक ठिकाणी टॉर्शनलला ऊर्जा कमी लागली आणि सुरुवातीच्या आठवड्यांत कॉर्निया जास्त स्वच्छ राहिला. काही महिन्यांनी चष्मा लावून काय दिसतं हे बघितलं, तर फरक पुष्कळ पुसट होतो. माझ्या हाताचा अनुभवही असाच आहे. पण रवीचीही एक खोड आहे. काळपट, चिवट गर असला की निव्वळ टॉर्शनलमध्ये तुकडा सुईच्या तोंडात बुचासारखा बसतो. ना कापला जातो, ना आत जातो. म्हणून पुढच्या यंत्रांत अशी सोय आली, की तोंड बंद होत आलं आणि ओढीचा दाब वाढला की यंत्र आपणहून मध्येच पुढं-मागं चार ठोके देऊन बूच काढतं. म्हणजे सुपारीपुढे शेवटी रवीलाही टाकीची मदत घ्यावी लागली!

खरी गंमत पुढे आहे. चांगला सर्जन कडक गर अल्ट्रासाऊंडने दळत बसतच नाही, आधी फोडतो. यालाच चॉप म्हणतात. जपानच्या कुनिहिरो नागाहारांनी १९९३ मध्ये ही रीत दाखवली. एका हातातली सुई गरात रुतवून, पंपाच्या ओढीने तो घट्ट धरायचा, दुसऱ्या हातातलं आकड्यासारखं हत्यार त्याच्या कडेला अडकवून सुईकडे ओढायचं. आमच्या आजोबांचा अडकित्ता बघितलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. सुपारीला रेघ असते तशी भिंगालाही असते, रेघेने ताण दिला की कड्कन दोन फाका होतात. फुटण्याला अल्ट्रासाऊंड लागत नाही, तो फक्त तुकडे गिळायला. फार कडक गर मात्र एका दणक्यात खालपर्यंत फुटत नाही, तळाशी चिवट दोरे राहतात. त्यासाठी जागच्या जागी थोडं चिरायचं, थोडं फाकवायचं, पुन्हा खोल जायचं ही टप्प्याटप्प्याची पद्धत अहमदाबादच्या डॉ. अभय वसावडांनी मांडली. तळाखालचा पडदा ४ मायक्रॉनच्या आसपास जाडीचा असतो, तेव्हा इथं घाई करणाऱ्याचा हात नको.

आता तुमचे दुसरे डॉक्टर. त्यांनी सांगितलेली एसआयसीएस, म्हणजे सहा-साडेसहा मिलिमीटरचा तिरका बोगदा पांढऱ्या भागातून काढून अख्खी सुपारी बाहेर घेणं, ही गरिबाघरची दुय्यम शस्त्रक्रिया आहे असं शहरात समजतात. मला हे ऐकून राग येतो. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर फेको आणि एसआयसीएसची तुलना झाली, निकाल २००५ मध्ये छापून आले. चष्मा लावल्यावर दोन्हींकडे नजर जवळजवळ सारखी. बिनचष्म्याने फेकोवाले थोडे पुढे. नेपाळात तर मजाच झाली. फेकोला अमेरिकेचे डेव्हिड चँग, एसआयसीएसला नेपाळचेच सांदुक रुइत, दोघंही आपापल्या कामातले उस्ताद. २००७ च्या त्या निकालात १०८ फार पिकलेल्या मोतीबिंदूंमध्ये चँगना सरासरी १५ मिनिटांच्या वर लागली, रुइतना ९. आणि दुसऱ्या दिवशी कॉर्नियाची सूज रुइतांच्या रुग्णांना कमी होती.

तेव्हा १८५० पेशी असलेल्या आईसाठी दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. हा आकडा ७६ व्या वर्षी थोडा कमी आहे, भीतीदायक नाही. टॉर्शनलवाल्या डॉक्टरांना एकच विचारा : 'अशा तपकिरी डोळ्यात फेको मध्येच अडलं, तर त्याच बैठकीत तुम्ही छेद वाढवून गर बाहेर काढता का?' 'हो, काढतो की' असं सहज उत्तर आलं तर खुशाल करून घ्या. उत्तराऐवजी मशीनचं माहितीपत्रक हातात आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. गर अगदी काळा असता तर मी विचारायलाही सांगितलं नसतं, सरळ एसआयसीएस.

प्रश्न : हे सगळं लेसरने करतात ना? आणि अल्ट्रासाऊंड म्हणजे सोनोग्राफीच का? डोळ्यावर मलम लावून फिरवतात का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : फेकोत लेसर नाही. 'लेसरने काढला' असं लोक अभिमानाने सांगतात, ते निम्म्या वेळा फेकोच असतं. लेसरची वेगळी, महाग सोय आहे. ती सुरुवातीचे काप घेते, गर ओढायला पुन्हा फेकोची सुई लागतेच. शिवाय फार दाट गरातून लेसरचा किरण नीट पार होत नाही, म्हणजे जिथं गरज जास्त तिथंच तो लंगडा पडतो. सोनोग्राफीच्या लहरींनी फक्त चित्र निघतं, त्यांची कंपनं सेकंदाला लाखांत नि कोटींत मोजतात. फेकोची सुई तर प्रत्यक्ष हलते. तेव्हा मलम नाही.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे, आकड्यांची सवय आहे. पत्नीच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया दोन वेगळ्या ठिकाणी झाली. एका फायलीत 'सीडीई १२' लिहिलंय, दुसऱ्या फायलीत 'ईपीटी ७ सेकंद'. म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी जवळजवळ दुप्पट ऊर्जा वापरली असं धरायचं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो. तुम्ही एका पासबुकातल्या रुपयांतून दुसऱ्यातले डॉलर वजा करताय.

ईपीटी, म्हणजे सुई पूर्ण शक्तीने चालली असती तर किती वेळ लागला असता तो आकडा, सोपं आहे. ६० सेकंद सरासरी २० टक्के शक्तीने सुई चालली, तर ते पूर्ण शक्तीचे १२ सेकंद धरतात. सीडीई, म्हणजे एकूण खर्ची पडलेल्या ऊर्जेचा आकडा, हाही त्याच जातीचा गुणाकार, पण टॉर्शनलसाठी यंत्र त्याला आणखी ०.४ ने गुणतं. म्हणजे टॉर्शनल ५० सेकंद सरासरी ६० टक्क्यांनी चाललं, तर ३० व्हायला हवे तिथं पडद्यावर १२ दिसतात. तेवढाच वेळ, तेवढीच शक्ती पुढं-मागं चालीत वापरली तर ३० च लागतात. जखमेपाशी तापणं कमी, म्हणून ही सूट, असा कंपनीचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही, पण एका कंपनीच्या यंत्रावर टॉर्शनलचा सीडीई कमी आला एवढ्यावर कुणी टाळ्या वाजवू लागलं, तर त्यातली सूट आधी बाजूला काढा. बँकवाल्याला हे मी काय सांगायचं!

शिवाय दोन्ही डोळ्यांचा गर एकसारखा कडक होता का? मऊ मोतीबिंदूला मी स्वतः ४-५ सीडीईमध्ये मोकळी व्हायची, तपकिरीला तीच मी ३० च्या पुढे जायची. तोच हात, तेच यंत्र. पत्नीच्या डोळ्यांचा खरा हिशेब हवाच असेल तर दोन्हींच्या पेशी मोजून घ्या आणि शस्त्रक्रियेआधीच्या आकड्याशी ताडा. साध्या शस्त्रक्रियेत दहाएक टक्के जातात, कडक गरात त्याहून जास्त. एरवीही वयाने वर्षाला अर्धा-पाऊण टक्का कमी होतातच.

प्रश्न : मी नेत्रविभागात शिकाऊ डॉक्टर आहे. टॉर्शनल यंत्र नुकतंच आलंय. वरिष्ठ म्हणतात, आता कडक केसेसना घाबरू नकोस, हे यंत्र भाजत नाही. खरंच भाजत नाही का? – एक वाचक, धाराशिव

उत्तर : भाजतं. कमी भाजतं, एवढंच. आता तुला जे सांगते ते मी विभागातल्या मुलांना सांगायची, छापायला पहिल्यांदाच देते आहे.

१९९७ साल. ज्या रुग्णालयात होते त्याचं नाव नको. फेको शिकून वर्ष झालं होतं. सराव बोकडाच्या डोळ्यांवर झालेला. खाटकाकडून सकाळी सात वाजता डबा भरून आणायचो. पण बोकडाचं भिंग म्हणजे जेली, म्हणून त्यात फॉर्मालिन टोचून ते कडक करायचं. माणसाची सुपारी कशी लागते ते त्याने कळत नाही. मंडईत भाजी विकणाऱ्या एक आजी होत्या, गर चहाच्या रंगाचा. पुढं-मागं चालणारी सुई, तीही सलग चालू, पल्स-बिल्स काही नाही. कॉर्नियाला जपायचं म्हणून मी आत दाट जेल मुबलक भरलं आणि थेट पायाचं पेडल तिसऱ्या टप्प्यापर्यंत दाबलं. पहिल्या टप्प्यात पाणी सुरू होतं, दुसऱ्यात ओढ, तिसऱ्यात कंपनं. तुला पाठ असेल. मलाही पाठ होतं.

जेल सुईच्या तोंडात अडकलं होतं. ओढ बंद म्हणजे पाण्याचा प्रवाह बंद, आणि प्रवाह बंद म्हणजे सुई थंड ठेवणारं काहीच नाही. सुईच्या टोकापाशी दुधासारखा पांढरा धूर दिसला. गराचा बारीक चुरा आत ओढला न जाता तिथंच घोळत होता. मला वाटलं, वा, फुटतोय! दोन-तीन सेकंदच. तेवढ्यात छेदाच्या कडा पांढऱ्या पडल्या, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारख्या, आणि आखडून उघड्या राहिल्या. टाके पाच घातले, तरी कडा जुळेनात. आजींना दिसायला लागलं, पण चार नंबरचा तिरपा नंबर राहिला. त्यांच्याकडून भाजी घ्यायला गेले की म्हणायच्या, 'बाई, तराजूचा काटा दोन दिसत्यात, कुठला धरू?' चष्मा दिला, तो त्या धंद्यावर कधी लावायच्या नाहीत.

तेव्हा यंत्र कुठलंही असो, गराला हात लावण्याआधी नुसत्या ओढीने सुईपुढचं जेल थोडं काढून घे, पाणी वाहतंय हे डोळ्याने बघ. पांढरं दूध दिसलं की पाय वर. फोडताना सुई गरात रुतवायला जेवढी शक्ती लागते तेवढीच दे, धरायचं काम पंपाच्या ओढीवर सोड. तुकडे आयरिसच्या, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या, पातळीला ठेव, वर कॉर्नियाजवळ खायला जाऊ नकोस. मध्येच थांबून अस्तराखाली जेलचा थर पुन्हा दे. टॉर्शनलला वाकडी सुई लागते, सरळ सुई लावून 'टॉर्शनल काम करत नाही' म्हणणारे मी पाहिलेत. आणि पहिल्या काही महिन्यांत तपकिरी डोळा समोर आला तर एसआयसीएसचा बोगदा आधीच आखून ठेव. त्यात कमीपणा नाही. तुझ्या वरिष्ठांनाही हे वाचायला दे, माझ्या नावावर खपवलंस तरी चालेल.

प्रश्न : वडिलांच्या कडक मोतीबिंदूचं फेको होऊन नऊ दिवस झाले. सकाळी उठल्यावर फार धूसर दिसतं, दुपारनंतर बरं वाटतं. डॉक्टर म्हणतात सूज आहे, उतरेल. आम्हाला वाटतं शस्त्रक्रिया फसली. – एक वाचक, जालना

उत्तर : सकाळी वाईट आणि दुपारी बरं, हे तर सूज असल्याचंच लक्षण. रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, कॉर्नियातलं पाणी हवेवर सुकत नाही. दिवसा डोळे उघडे राहिले की सुकतं आणि काच स्वच्छ होत जाते. कडक गर काढल्यावर अस्तर दमलेलं असतं, त्याला पुन्हा उपसा धरायला दोन-चार आठवडे लागू शकतात. मिठाचं ५ टक्के द्रावण असलेले थेंब डॉक्टरांनी दिले असतील, किंवा मागून घ्या. ते चुरचुरतात, त्यावर वडील कुरकुर करतील, करू द्या. सुजेचे स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करू नका. दर आठवड्याला सकाळचं धुकं किती वाजता विरतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. ते दहावरून नऊवर, नऊवरून आठवर येत असेल तर गाडी रुळावर आहे. तीन महिन्यांनीही धुकं तसंच राहिलं, तर अस्तर बदलण्याची शस्त्रक्रिया असते, तिचं तेव्हा बघू.

मात्र डोळा ठणकायला लागला, लालभडक झाला किंवा काल दिसत होतं ते आज एकदम दिसेनासं झालं, तर मला पत्र टाकत बसू नका. त्याच तासाला रिक्षा करा आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे न्या, रविवार असला तरी.